आधार-पेमेंट आणि पैसे पाठवण्याचे केंद्र: नोंदणी कोणत्या क्रमाने करावी

गावच्या एसटी थांब्याजवळ एखादा गाळा घ्यायचा, संगणक, प्रिंटर आणि अंगठ्याचे मशीन मांडायचे, आणि लोकांना खात्यातले पैसे काढून देणे, परगावी पैसे पाठवणे, विजेचे बिल भरणे ही कामे कमिशनवर करायची, हा व्यवसाय महाराष्ट्रात आता पिठाच्या गिरणीइतका ओळखीचा झाला आहे. लाडकी बहीण योजनेचा हप्ता जमा होतो त्या दिवशी अशा केंद्रापुढे सकाळी नऊपासून रांग लागते आणि ऊसतोडीला गेलेला माणूस घरी पैसे पाठवायला बँकेच्या शाखेत न जाता अशाच केंद्रात येतो. हे केंद्र नव्याने सुरू करणाऱ्याला कोणत्या सरकारी नोंदी कराव्या लागतात आणि त्या कोणत्या क्रमाने केल्या म्हणजे हेलपाटे वाचतात, ते या लेखात सांगितले आहे.

आधी एक गोष्ट मनात पक्की करावी. या धंद्यात गल्ल्यातून दिवसभरात जाणारा पैसा आपला नसतो. आपले असते ते कमिशन, आणि ते त्या पैशाच्या तुलनेत चिमूटभर असते. पुढच्या प्रत्येक नोंदीचा उपयोग शेवटी हा फरक कागदावर दाखवण्यासाठी होतो, म्हणून अर्ज भरताना आणि खाते उघडताना तो सतत डोळ्यांपुढे ठेवावा.

परवाना बँकेकडे असतो, एजंटाकडे नाही

नवख्या माणसाचा पहिला प्रश्न असतो, 'रिझर्व्ह बँकेचे लायसन कुठे मिळते?' असे लायसन छोट्या एजंटाला लागत नाही आणि मिळतही नाही. पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स ॲक्ट, २००७ या कायद्यानुसार पेमेंटची यंत्रणा चालवायला रिझर्व्ह बँकेची अधिकृत मान्यता लागते. मात्र ज्याला रक्कम मिळायची आहे त्याने रीतसर नेमलेला एजंट म्हणून जो काम करतो त्याला या अटीतून त्याच कायद्याने वगळले आहे. खात्यातून पैसे काढून देणे किंवा भरून घेणे ही तर बँकेचीच कामे आहेत आणि ती बँकेच्या वतीने बाहेरच्या माणसाकडून करून घेण्याची मुभा रिझर्व्ह बँकेने जानेवारी २००६ मध्ये बँकांना दिली. तेव्हापासून 'बिझनेस करस्पाँडंट', बोलीभाषेत बीसी किंवा बँक मित्र, ही व्यवस्था सुरू आहे.

व्यवहारात साखळी अशी असते: वर बँक, मध्ये बँकेने नेमलेली बीसी कंपनी, आणि खाली काउंटरवर बसणारा एजंट. त्यामुळे एजंटाजवळ दोन प्रकारचे कागद असावे लागतात. एक म्हणजे आपला व्यवसाय सरकारदरबारी नोंदलेला असल्याचे पुरावे, आणि दुसरे म्हणजे बँकेचे किंवा बीसी कंपनीचे नेमणूकपत्र. पहिले नसेल तर दुसरे मिळत नाही, आणि दुसरे नसेल तर पहिल्याच्या जोरावर एकाही ग्राहकाचा अंगठा घेता येत नाही.

'रिझर्व्ह बँकेची मान्यता मिळवून देतो, फाइलचे एवढे भरा' असा फोन आला तर तो तिथेच ठेवावा. अशा नावाने पैसे उकळणारी संकेतस्थळे आहेत आणि त्यांवर बँकांची बोधचिन्हेही सर्रास लावलेली असतात. बँकेने कोणत्या बीसी कंपन्या नेमल्या आहेत हे बँकेच्या स्वतःच्या संकेतस्थळावर पाहावे, किंवा ज्या शाखेशी आपले केंद्र जोडले जाणार आहे तिथल्या व्यवस्थापकांना प्रत्यक्ष भेटून विचारावे. ही अर्ध्या तासाची भेट पुढेही उपयोगी पडते, कारण रोख रक्कम आणायला आपल्याला त्याच शाखेत जायचे असते.

कोणाला पुढे मोठे व्हायचे असेल आणि अनेक दुकानदारांचे ऑनलाइन पैसे स्वतःच्या खात्यात गोळा करून त्यांना वाटायचे असतील, तर तो 'पेमेंट ॲग्रीगेटर' ठरतो आणि त्याला मात्र रिझर्व्ह बँकेची मान्यता घ्यावी लागते. त्यासाठी अर्ज करतानाच १५ कोटी रुपयांची निव्वळ मालमत्ता असावी लागते आणि ती ठरावीक मुदतीत २५ कोटींपर्यंत न्यावी लागते. गाळ्यातल्या केंद्राशी याचा संबंध नाही. 'आपणही दोघे-तिघे मिळून एक ॲप काढू' ही कल्पना बऱ्याच तरुणांच्या डोक्यात असते, म्हणून एवढे सांगितले.

नाव जुळवण्याचे काम आधी उरका

कुठलाही अर्ज उघडण्यापूर्वी आधार, पॅन आणि बँकेचे पासबुक शेजारीशेजारी ठेवून नाव अक्षरन्अक्षर ताडून पाहावे. आपल्याकडे नावांची तऱ्हा सर्वांना ठाऊक आहे: पॅनवर आडनाव आधी, आधारवर शेवटी, एकीकडे वडिलांचे पूर्ण नाव, दुसरीकडे नुसते आद्याक्षर, शाळेच्या दाखल्यावर 'बाळासाहेब', तर आधारवर 'बाळू'. विवाहित महिलांच्या बाबतीत पॅन माहेरच्या नावाचे आणि आधार सासरच्या नावाचे असणे ही तर नेहमीची गोष्ट आहे. उद्यम नोंदणी (छोट्या व्यवसायांची केंद्र सरकारकडची नोंद), बँकेची केवायसी, म्हणजे ओळख-पडताळणी, आणि बीसी कंपनीचे पोर्टल या सर्व ठिकाणी ही नावे यंत्राकडून ताडली जातात आणि यंत्राला 'बाळू म्हणजेच बाळासाहेब' हे कळत नाही. दुरुस्ती शक्यतो आधारमध्ये करून घ्यावी आणि मग पॅन त्याप्रमाणे बदलावे. जन्मतारीखही त्याच वेळी पाहावी. पॅन आधारशी जोडलेले आहे की नाही, आणि आधारला जोडलेला मोबाईल क्रमांक चालू आहे की नाही, हेही आताच तपासावे, कारण पुढची जवळजवळ प्रत्येक पायरी त्या क्रमांकावर येणाऱ्या ओटीपीवर अवलंबून आहे.

केंद्र एकट्याच्या नावावर, म्हणजे प्रोप्रायटरी पद्धतीने, सुरू करणेच नवख्याला सोयीचे असते. त्यात व्यवसायासाठी वेगळे पॅन लागत नाही. व्यवसायाचे नाव मात्र एकदाच ठरवावे आणि सगळीकडे त्याच स्पेलिंगने लिहावे. 'श्री साई मल्टिसर्व्हिसेस' हे नाव शॉप ॲक्टमध्ये एका तऱ्हेने आणि उद्यममध्ये दुसऱ्या तऱ्हेने पडले की बँकेतला कर्मचारी ती दोन वेगळी दुकाने समजतो, आणि त्यात त्याची काही चूक नसते.

जागेचा कागद

जागा स्वतःची असेल तर शहरात मालमत्ता कराची पावती आणि गावात ग्रामपंचायतीच्या नमुना नंबर आठचा उतारा पुरतो. जागा भाड्याची असेल तर रीतसर नोंदवलेला भाडेकरार करावा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार असा करार लेखी आणि नोंदणीकृत असणे बंधनकारक आहे आणि तो नोंदवण्याची जबाबदारी मालकावर आहे. स्टॅम्पपेपरवर नोटरी करून घेतलेल्या करारावर काम भागते असे अनेकजण सांगतील. काही ठिकाणी ते भागतेही, पण बँकेचा माणूस प्रत्यक्ष जागा पाहायला आला की तोच कागद अडचणीचा ठरतो.

गावात केंद्र काढायचे असेल तर ग्रामपंचायतीकडून ना हरकत दाखला मागून घ्यावा. बीसी कंपन्या तो बहुधा मागतातच. नगरपालिका किंवा महापालिकेच्या हद्दीत व्यवसाय परवान्याचे नियम जागोजागी वेगळे असल्याने परवाना विभागात एकदा चौकशी करावी.

शॉप ॲक्टची सूचना आणि तिची पोच

लोक ज्याला 'शॉप ॲक्ट लायसन' म्हणतात ते आता बहुतेक छोट्या दुकानांच्या बाबतीत लायसन राहिलेले नाही. १९४८ चा जुना कायदा जाऊन महाराष्ट्र दुकाने व आस्थापना (नोकरीचे व सेवाशर्तींचे विनियमन) अधिनियम, २०१७ आला आणि तो १९ डिसेंबर २०१७ पासून लागू झाला. या कायद्यात छोट्या आस्थापनांना नोंदणी प्रमाणपत्राची गरज ठेवलेली नाही. एकटा मालक, किंवा मालक आणि एक-दोन मदतनीस, अशा केंद्राने धंदा सुरू केल्यापासून ६० दिवसांच्या आत केवळ सूचना द्यायची असते. ती ऑनलाइन, फॉर्म एफमध्ये दिली जाते आणि तिची पोच फॉर्म जीमध्ये मिळते. मुंबईत हे काम महापालिकेच्या दुकाने व आस्थापना खात्याकडे आहे आणि इतर ठिकाणी कामगार आयुक्तालयाकडे. खर्च चहा-वड्याच्या हिशेबातला आहे. त्यासाठी कोणी हजार-दोन हजार मागत असेल तर तो अर्ज भरून देण्याची मजुरी मागतो आहे, सरकारी शुल्क नव्हे.

अर्जासोबत आधार, पॅन, अर्जदाराचा फोटो, सही, स्वयंघोषणापत्र आणि दुकानाच्या पाटीचा फोटो लागतो. याच पाटीपाशी माझा अर्ज अडकला होता. पेंटरने पाटी वेळेवर दिली नव्हती म्हणून मी संगणकावर इंग्रजीत नाव टाइप करून कागद शटरला चिकटवला आणि त्याचा फोटो जोडला. अर्ज परत आला. पाटी मराठीत, देवनागरी लिपीत असावी हा नियम मला ठाऊक होता, पण तो फोटोलाही लागू होईल असे वाटले नव्हते. २०२२ च्या दुरुस्तीने या कायद्यात कलम ३६ क जोडले गेले आणि एक कामगार असलेल्या दुकानालाही मराठी पाटी बंधनकारक झाली. इतर भाषेत नाव लिहायला हरकत नाही, मात्र मराठी अक्षरांचा आकार त्या भाषेच्या अक्षरांपेक्षा लहान असता कामा नये. नवख्याने पाटी आधी रंगवून घ्यावी, ती दुकानावर लावावी आणि शटर, पाटी व शेजारचा रस्ता दिसेल असा फोटो काढावा. हाच फोटो पुढे बीसी कंपनीलाही लागतो.

पोच मिळाली की ती व्यवस्थित वाचावी. आपण भरलेली माहिती मिळाली एवढेच ती सांगते. जागेच्या मालकीचा किंवा बांधकामाच्या वैधतेचा तो दाखला नाही. सूचनेचे दर वर्षी नूतनीकरण करावे लागत नाही, पण पत्ता, नाव किंवा कामगारांची संख्या बदलली तर ते कळवावे लागते.

उद्यम आणि व्यवसाय कर

उद्यम नोंदणी ही सगळ्यांत सोपी पायरी आहे. १ जुलै २०२० पासून सुरू असलेल्या केंद्र सरकारच्या उद्यम पोर्टलवर आधार क्रमांक, ओटीपी, पॅन आणि पत्ता भरला की प्रमाणपत्र निघते. कागद जोडावे लागत नाहीत, शुल्क नाही आणि नूतनीकरणही नाही. शोधयंत्रात सर्वांत वर दिसणारी, सरकारीसारखी भासणारी आणि शुल्क मागणारी पाने खासगी असतात. पत्त्याच्या शेवटी 'जीओव्ही डॉट इन' आहे का ते पाहावे. अर्जात एकच ठिकाण विचार करायला लावते, ते म्हणजे व्यवसायाचा एनआयसी कोड, अर्थात धंद्याचा प्रकार सांगणारा सरकारी क्रमांक. वित्तीय सेवांना पूरक अशा इतर कामांसाठी ६६१९० हा कोड आहे. शेजारी झेरॉक्स किंवा ऑनलाइन फॉर्म भरण्याचे काम असेल तर त्याचाही कोड जोडता येतो.

व्यवसाय कराकडे मात्र बहुतेकांचे दुर्लक्ष होते. महाराष्ट्रात १९७५ च्या व्यवसाय कर कायद्याखाली स्वतःचा धंदा करणाऱ्याने आपली नोंद करून पीटीईसी हा क्रमांक घ्यायचा असतो आणि दर वर्षी २,५०० रुपये भरायचे असतात. नोंद राज्य वस्तू व सेवा कर विभागाच्या पोर्टलवर होते आणि जुन्या नोंदणीधारकांसाठी भरण्याची तारीख ३० जून असते. मदतनीस ठेवला आणि त्याचा पगार महिना ७,५०० रुपयांच्या वर गेला, तर त्याच्या पगारातून कर कापून भरण्यासाठी पीटीआरसी हा दुसरा क्रमांकही लागतो. महिला कर्मचाऱ्यांसाठी ही मर्यादा महिना २५,००० रुपये आहे. सुरुवातीला कोणी विचारत नाही म्हणून पीटीईसी टाळली जाते आणि चार-पाच वर्षांनी मागील सगळी रक्कम व्याजासह भरण्याची वेळ येते.

चालू खाते वेगळेच हवे

शॉप ॲक्टची पोच आणि उद्यम प्रमाणपत्र आधी काढण्याचे खरे कारण इथे कळते. प्रोप्रायटरी व्यवसायाच्या नावाने चालू खाते उघडताना रिझर्व्ह बँकेच्या केवायसी नियमांनुसार बँक व्यवसायाचे सामान्यतः दोन पुरावे मागते आणि हे दोन्ही कागद त्यात चालतात. ज्यांनी उलट क्रम धरला, म्हणजे आधी बँकेत गेले, ते हमखास दोनदा जातात.

'माझे बचत खाते आहे की, त्यातच चालवतो' हा विचार सोडून द्यावा. घरखर्च, शेतीचे पैसे, मुलांची फी आणि ग्राहकांचे लाखो रुपये एकाच खात्यात मिसळले की त्यातले कोणते आपले आणि कोणते दुसऱ्याचे हे वर्षाच्या शेवटी कोणालाही सांगता येत नाही, खुद्द आपल्यालाही नाही. चालू खात्यात फक्त केंद्राचा व्यवहार ठेवावा आणि महिन्याच्या शेवटी आपले कमिशन तेवढे बचत खात्यात वळवावे.

नेमणूक, पोलीस पडताळणी आणि परीक्षा

आता बीसी कंपनीकडे किंवा बँकेकडे अर्ज करायची वेळ येते. आतापर्यंतच्या कागदांबरोबर इथे चारित्र्य पडताळणीचा दाखला लागतो. तो महाराष्ट्र पोलिसांच्या पोर्टलवर अर्ज करून मिळवता येतो आणि त्यासाठी पोलीस ठाण्यातून चौकशी होते. गावात राहणाऱ्याने पोलीस पाटलांना आधी सांगून ठेवलेले बरे. बँका अर्जदाराचा सिबिल अहवाल, म्हणजे कर्जफेडीची नोंद, हीही पाहतात. मोबाईलच्या हप्त्याची जुनी थकबाकी असेल तर ती मिटवून तसे पत्र घ्यावे.

बँक मित्र म्हणून काम करणाऱ्यासाठी इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ बँकिंग अँड फायनान्स ही संस्था परीक्षा घेते आणि तिचे प्रमाणपत्र बँका मागतात. परीक्षा मराठीतूनही देता येते. प्रश्न खाते उघडणे, केवायसी, तक्रार निवारण, साधा व्याजाचा हिशेब अशा विषयांवर असतात, आणि दहावी-बारावी झालेल्या माणसाला पंधरा दिवसांच्या अभ्यासात ती जमते. नेमणूक झाल्यावर परीक्षा देऊ असे न म्हणता पोलीस दाखल्याची वाट पाहताना ती देऊन टाकावी.

आधार-पेमेंटच्या एजंटांसाठी रिझर्व्ह बँकेने २७ जून २०२५ रोजी स्वतंत्र निर्देश काढले आणि ते १ जानेवारी २०२६ पासून लागू झाले. त्यांनुसार अंगठ्याचे मशीन चालवणाऱ्या प्रत्येक व्यक्तीची, निर्देशांच्या भाषेत 'टचपॉइंट ऑपरेटर'ची, संबंधित बँकेने नेमणुकीपूर्वी पूर्ण केवायसी पडताळणी करायची असते. बीसी म्हणून ती आधीच झाली असेल तर तीच धरता येते. सलग तीन महिने एकही व्यवहार झाला नाही तर पुन्हा केवायसी झाल्याशिवाय आयडी, म्हणजे मशीन चालवण्याचा लॉगिन क्रमांक, चालू होत नाही. ज्यांच्या नावावर आयडी आहे त्यांनीच मशीन चालवावे, हा या सगळ्याचा आशय आहे. भावाच्या नावावर आयडी आणि काउंटरवर आपण, ही आपल्याकडची सर्रास चालणारी सोय आता टिकणारी नाही, कारण ऑपरेटरलाही व्यवहारांपूर्वी स्वतःच्या अंगठ्याने लॉगिन करावे लागते.

नेमणुकीचा करार इंग्रजीत असतो आणि तो बहुधा मोबाईलवर ओटीपीने 'सही' करून घेतला जातो. तरीही त्याची प्रत मागून घ्यावी आणि तीन गोष्टी शोधून वाचाव्यात: कमिशनचा दर कोणत्या सेवेला किती, अनामत रक्कम परत कधी आणि कशी मिळणार, आणि अडकलेल्या व्यवहाराची जबाबदारी कोणाची. ग्राहकाच्या खात्यातून पैसे वजा झाले पण मशीनवर 'यशस्वी' आले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार पाच दिवसांत रक्कम परत फिरवण्याची प्रक्रिया व्हावी लागते आणि उशीर झाल्यास दिवसाला १०० रुपये भरपाई ग्राहकाला मिळते. हे ग्राहकाला सांगता येणे आवश्यक आहे, नाहीतर तो पाचही दिवस आपल्या दारात उभा राहतो.

'आपले सरकार सेवा केंद्र' ही वेगळी गोष्ट आहे. दाखल्यांची कामे करणारी ती केंद्रे जिल्हा प्रशासन जाहिरात काढून देते. पेमेंटच्या एजंटाने तसा फलक लावू नये.

कर: खरी गाठ इथे आहे

एक हिशेब करून पाहू. समजा, केंद्रातून रोज सरासरी ६०,००० रुपये लोकांना काढून दिले जातात आणि महिन्याला २६ दिवस काम चालते. वर्षाचा आकडा होतो १ कोटी ८७ लाख २० हजार रुपये. हजार रुपयांमागे साडेतीन रुपये कमिशन हातात पडते असे धरले, तर वर्षाची कमाई होते ६५,५२० रुपये. सुरुवातीला म्हटलेला फरक तो हाच. बँकेच्या संगणकाला आणि आयकर खात्याला पहिला आकडा दिसतो. दुसरा दाखवणे आपल्याकडे आहे.

जीएसटीपासून सुरुवात करू. सेवांसाठी नोंदणीची मर्यादा वर्षाला २० लाख रुपयांच्या उलाढालीची आहे. इथे उलाढाल म्हणजे आपले कमिशन. ग्राहकाची रक्कम ही कसलीही सेवा नसल्याने ती यात येत नाही. शिवाय बीसी कंपनीच्या एजंटाने त्या कंपनीला दिलेल्या सेवेवरचा कर १ जानेवारी २०१९ पासून उलट आकारणीने, म्हणजे कंपनीनेच, भरायचा असतो. त्यामुळे केवळ हेच काम करणाऱ्या छोट्या एजंटाला सहसा जीएसटी क्रमांक लागत नाही. 'असलेला बरा' म्हणून तो काढला तर व्यवहार शून्य असले तरी विवरणपत्रे भरावी लागतात आणि चुकल्यास विलंब शुल्क लागते. मोबाईल विक्रीसारखा दुसरा धंदा त्याच पॅनवर असेल तर दोन्हींची उलाढाल एकत्र धरली जाते, हे लक्षात ठेवावे.

आयकरात कमिशनची रक्कम वर्षाला २०,००० रुपयांच्या वर गेली की कंपनी २ टक्के टीडीएस, म्हणजे रक्कम देतानाच कापला जाणारा आयकर, कापते. पॅन दिलेले नसेल तर तोच दर २० टक्के होतो. वरच्या उदाहरणात सुमारे १,३१० रुपये कापले जातील. नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सूट मिळून कर शून्य होत असल्याने ही रक्कम परत मिळते, पण विवरणपत्र भरले तरच. ते भरताना एक चूक फार होते: छोट्या व्यावसायिकांसाठीची अंदाजित उत्पन्नाची सवलत वापरून आयटीआर-४ भरला जातो. ती सवलत कमिशन, दलाली आणि एजन्सीच्या उत्पन्नाला लागू नाही. जमाखर्च ठेवून आयटीआर-३ भरावा लागतो, आणि त्यासाठी सीएची किंवा कर सल्लागाराची फी देणे योग्यच आहे.

रोख रकमेचा मुद्दा याहून महत्त्वाचा आहे. लोकांना द्यायची रोकड आपण चालू खात्यातून काढून आणतो. एका वर्षात एका बँकेतून १ कोटीपेक्षा जास्त रोख काढली की वरच्या रकमेवर बँक २ टक्के टीडीएस कापते. आपल्या उदाहरणात १ कोटीच्या वरच्या ८७ लाख २० हजारांवर १,७४,४०० रुपये कापले जातील, म्हणजे वर्षभराच्या कमिशनच्या अडीचपटीहून अधिक. ही रक्कम विवरणपत्रानंतर परत मिळते, पण तोवर खेळते भांडवल अडकते आणि केंद्र बंद पडायची वेळ येते. कायद्याने बँकांच्या बिझनेस करस्पाँडंटांना या कपातीतून वगळले आहे, मात्र आपण बीसीच्या कामासाठी रोख काढतो हे शाखेला आपोआप कळत नाही. नेमणूकपत्र हाती येताच त्याची प्रत आणि लेखी अर्ज शाखेत देऊन तशी नोंद करून घ्यावी, अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शाखेचा शिक्का घ्यावा, आणि दर आर्थिक वर्षाच्या सुरुवातीला पुन्हा विचारावे.

याशिवाय चालू खात्यात वर्षभरात ५० लाख किंवा त्याहून जास्त रोख भरली अथवा काढली गेली की बँक ती माहिती आयकर खात्याला कळवते. त्यावरून विचारणा आली तर घाबरायचे कारण नाही, पण उत्तर म्हणून दाखवायला रोजचा अहवाल हवा. कंपनीच्या पोर्टलवरून प्रत्येक महिन्याचे व्यवहार आणि कमिशनचे विवरण उतरवून, छापून, तारखेप्रमाणे फाइलला लावावे. पोर्टलवर जुने अहवाल किती काळ राहतील याची खात्री नसते. मी पहिल्या वर्षी हे केले नव्हते आणि कंपनीने पोर्टल बदलल्यावर सात महिन्यांचे विवरण मिळवायला ईमेलांचा पाठपुरावा करता करता दिवाळी उलटली.

काउंटर उघडल्यावरचे नियम

नोंदण्या पूर्ण झाल्या तरी नेमणूक टिकणे हे काउंटरवरच्या वागण्यावर अवलंबून असते. बीसीच्या नियमांनुसार एजंटाने ग्राहकाकडून स्वतःसाठी थेट शुल्क घ्यायचे नसते; हजाराला दहा रुपये कापण्याची रूढी सगळीकडे दिसत असली तरी तक्रार झाल्यास आयडी त्याच कारणाने बंद होतो. पैसे पाठवण्याच्या सेवेत एका वेळी ५,००० आणि एका पाठवणाऱ्याला महिन्याला २५,००० रुपये अशी मर्यादा आहे, आणि पाठवणाऱ्याचा मोबाईल व ओळख तपासावी लागते. मर्यादा संपली म्हणून त्याच्यासोबत आलेल्या चौघांच्या नावाने तुकडे पाडून रक्कम पाठवणे ही मदत नसून गुन्ह्याची तयारी ठरू शकते. भारत कनेक्टवर (या बिल भरण्याच्या प्रणालीचे आधीचे नाव भारत बिलपे) बिल भरल्यास त्या प्रणालीचे चिन्ह असलेली पावती द्यावी, आणि आधारच्या झेरॉक्सचे गठ्ठे दुकानात साठवू नयेत.

सर्वांत मोठा धोका कोणत्याही नियमपुस्तकात ठळक छापलेला नसतो. अनोळखी माणूस येतो, 'तुमच्या क्यूआरवर वीस हजार टाकतो, मला रोख द्या, वरचे दोनशे तुमचे' असे म्हणतो. पैसे येतात, आपण रोख देतो, तो जातो. आठवड्याभराने कळते की ते पैसे परराज्यातल्या कोणाच्या तरी फसवणुकीतले होते आणि तिथल्या सायबर पोलिसांच्या पत्रावरून आपले खाते गोठवले आहे. हा व्यवहार बँकेच्या वतीने झालेला नसतो, नेमणूकपत्राचे संरक्षण त्याला नसते, आणि खाते मोकळे होईपर्यंत त्यातली ग्राहकांची रक्कमही अडकते. रोख द्यायची ती केवळ बीसीच्या प्रणालीतून. संशय आलाच तर १९३० या क्रमांकावर कळवावे आणि त्या दिवसाचे सीसीटीव्ही चित्रण जपून ठेवावे.

जागा बदलताना आणि केंद्र बंद करताना

गाळा बदलला तर शॉप ॲक्ट, उद्यम, चालू खाते आणि बीसी कंपनी या चारही ठिकाणी पत्ता बदलून घ्यावा. शेवटचे विसरू नये, कारण मशीन नोंदलेल्या ठिकाणाहून दूर वापरले जात असल्याचे कंपनीला दिसते. धंदा बंद करायचा असेल तर आधी कंपनीकडून आयडी बंद झाल्याचा ईमेल आणि अनामतीचा हिशेब घ्यावा, मग चालू खाते बंद करावे, शॉप ॲक्टच्या पोर्टलवर आस्थापना बंद झाल्याचे कळवावे आणि उद्यम नोंदणी रद्द करावी. पीटीईसी रद्द करण्यासाठी वेगळा अर्ज द्यावा लागतो, कारण शटर खाली ओढले तरी तो क्रमांक चालूच राहतो आणि दर वर्षी २,५०० रुपयांची थकबाकी त्याच्या नावावर चढत जाते.